वाताची गोळी चालू असताना लस घ्यावी का?

२०२१ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. पंचेचाळीस वर्षांवरील सगळ्यांना कोरोनाची लस खुली झाली होती. आमच्या वस्तीतील एक मावशी पहाटेच रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या या मावशींना नऊ वर्षांपासून आमवात आहे. नंबर आला तेव्हा टेबलावरच्या माणसाने विचारले, "काही गोळ्या चालू आहेत का?" मावशींनी पिशवीतून गोळ्यांचे पाकीट काढून दाखवले. "या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी होते. तुम्हाला लस चालणार नाही," असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले.

घरी येऊन मावशींनी आपला हिशेब केला. लस घेतल्याशिवाय कामावर येऊ नका, असे मालकिणींनी बजावले होते. गोळीमुळे लस मिळत नसेल, तर गोळीच बंद करू. कोणालाही न विचारता त्यांनी आठवड्याची गोळी बंद केली. पहिला डोस जूनमध्ये मिळाला, दुसरा सप्टेंबरमध्ये. तोवर पाच महिने औषध बंद. सकाळी उठल्यावर मूठ मिटेना, मनगटे सुजली, कपडा पिळता येईना. डाव्या हाताची दोन बोटे तेव्हा वाकली ती आजही पुरती सरळ होत नाहीत. चारपैकी दोन घरे सुटली ती सुटलीच.

त्या दिवशी मावशींना परत पाठवण्याचे काहीच कारण नव्हते. केंद्र सरकारने जानेवारी २०२१ मध्ये लसीकरणासाठी ज्या सूचना दिल्या होत्या, त्यांत प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांना लस वर्ज्य नाही, फक्त तिचा परिणाम थोडा कमी दिसू शकतो, असे म्हटले होते. आणि लस मिळावी म्हणून मनाने गोळी बंद करण्याचेही कारण नव्हते. एक चूक टेबलापलीकडे झाली, दुसरी घरात झाली. दोन्हींची किंमत मावशींच्या बोटांनी मोजली.

आपल्या वस्त्यांमध्ये आमवाताचे रुग्ण थोडे नाहीत, आणि त्यात स्त्रिया जास्त. म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर हा विषय सविस्तर घेत आहोत.

आमवात म्हणजे काय, गोळी काय करते?

वय झाल्यावर गुडघे झिजतात, तो वेगळा आजार. आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो तिशी-चाळिशीतही सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दोन ते तीन पट अधिक होतो. बोटांचे, मनगटाचे, पावलांचे लहान सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळी उठल्यावर तास-तासभर हात आखडलेले राहतात.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. तिला आपण वस्तीवर रात्री गस्त घालणारे पथक समजू. चोर आला तर त्याला पकडायचे हे पथकाचे काम. आमवातात हे पथक चुकते आणि घरच्याच माणसांवर, म्हणजे सांध्यांवर, काठी चालवू लागते. डॉक्टर जी औषधे देतात ती या पथकाला शांत करतात. मार थांबतो, सूज उतरते, सांधे वाचतात. पण पथक शांत झाले की खऱ्या चोराकडेही त्याचे लक्ष थोडे कमी होते. म्हणून या रुग्णांना न्यूमोनिया, फ्लू, नागीण, क्षयरोग असे आजार इतरांपेक्षा लवकर गाठतात आणि जास्त त्रास देतात.

याचा अर्थ सरळ आहे. ज्याचे पथक सुस्त आहे, त्याला चोराची आगाऊ ओळख करून देण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. लस हीच ओळख करून देते. "गोळी चालू आहे म्हणून लस नको" हे म्हणणे उलटे आहे. गोळी चालू आहे म्हणूनच लस हवी. फक्त कोणती लस, हे पाहावे लागते.

आधी आपली गोळी ओळखा

पुष्कळ जण "वाताची पिवळी गोळी" किंवा "आठवड्याची गोळी" एवढेच सांगतात. नाव माहीत असणे फार गरजेचे आहे. पाकिटावर यांपैकी काय लिहिले आहे ते घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या.

मेथोट्रेक्सेट: ही सर्वांत जास्त दिली जाणारी गोळी. ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. सोबत फॉलिक अॅसिड देतात.

लेफ्लुनोमाइड, टोफॅसिटिनिब: याही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या.

प्रेडनिसोलोन आणि त्या जातीची औषधे: यांना स्टेरॉइड म्हणतात. किती मिलिग्रॅमची गोळी आहे, हे महत्त्वाचे.

अडालिमुमॅब, इटानरसेप्ट, रिटुक्सिमॅब: ही महागडी इंजेक्शने. मोठ्या रुग्णालयात देतात. त्यांना बायोलॉजिक म्हणतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासलाझिन: ही तुलनेने सौम्य औषधे, पण तीही सांगायची.

आणखी एक गोष्ट. वातावर हमखास उपाय म्हणून बिननावाची पुडी, काळी गोळी, बाटलीतले चूर्ण मिळते. चार दिवसांत चमत्कारासारखा आराम पडतो. अशा पुड्यांमध्ये गुपचूप स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. अशी पुडी घेत असाल तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा, आणि ती एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावे लागते.

मेलेल्या जंतूची लस आणि जिवंत जंतूची लस

सगळा विषय या एका फरकावर उभा आहे.

काही लसींत मेलेला जंतू किंवा त्याचा नुसता तुकडा असतो. गस्तीच्या पथकाला चोराचा फोटो दाखवावा तसे हे आहे. फोटो कोणाच्या घरात शिरून चोरी करू शकत नाही. पथक सुस्त असेल तर तो फोटो नीट लक्षात ठेवणार नाही, एवढेच. म्हणजे लसीचा फायदा थोडा कमी होईल, नुकसान होणार नाही.

दुसऱ्या प्रकारात जंतू जिवंत असतो, पण कमजोर केलेला. खऱ्या चोराचे हातपाय बांधून त्याला पथकासमोर आणण्यासारखे हे आहे. पथक जागे असेल तर काही भीती नाही, उलट ओळख पक्की होते. पण पथक औषधाने गुंगलेले असेल, तर बांधलेला चोर सुटू शकतो. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असताना जिवंत जंतूची लस साधारणपणे देत नाहीत. ती अगदीच गरजेची असेल, तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे लसीच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे थांबवावी लागतात. काही औषधांना याहून जास्त काळ लागतो. हा निर्णय सांध्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांचाच.

लस देणाऱ्या सिस्टरना एवढेच विचारा: "ही लस लाइव्ह आहे का?" हा शब्द त्यांच्या रोजच्या वापरातला आहे.

घ्याव्यात अशा लसी

*फ्लूची लस.* ही दरवर्षी घ्यावी लागते, कारण फ्लूचा विषाणू रूप बदलतो. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी गर्दी असते, बाहेर पाऊस, दारे-खिडक्या बंद, आणि एक खोकला दहा जणांना लागतो. म्हणून लस पावसाआधी घ्यावी. लक्षात ठेवायला सोपे आहे: भीमजयंती झाली की फ्लूच्या लसीची चौकशी करायची आणि आषाढ पौर्णिमेच्या आत ती टोचून घ्यायची. मात्र दंडावर घेण्याची लसच मागा. नाकात फवारण्याची फ्लूची लस जिवंत विषाणूची असते, ती या रुग्णांना चालत नाही.

*न्यूमोनियाची लस.* न्यूमोकोकस नावाच्या जंतूपासून ही वाचवते. लहान मुलांना सरकारी लसीकरणात ती मोफत आहे, मोठ्यांना सहसा विकत घ्यावी लागते. तिचे प्रकार आहेत. कोणती आणि किती डोस, हे डॉक्टर सांगतील. ती फ्लूसारखी दरवर्षी घ्यावी लागत नाही.

*धनुर्वाताचे इंजेक्शन.* दर दहा वर्षांनी एक डोस. सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. भंगार, बांधकाम, सफाई अशी कामे करणाऱ्यांनी तर विसरूच नये.

*हिपॅटायटिस बी म्हणजे ब काविळीची लस.* मेथोट्रेक्सेटचा ताण यकृतावर पडू शकतो. त्यात ही कावीळ झाली तर संकट वाढते. औषध सुरू करण्याआधी या काविळीची रक्ततपासणी करून घ्यावी. ती झालेली नसेल तर लसीबद्दल विचारावे. सहा महिन्यांत तीन डोस असतात.

*कोरोनाची लस.* आपल्याकडे दिल्या गेलेल्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्हींमधील विषाणू शरीरात वाढू शकत नाही. दोन्ही या रुग्णांना चालणाऱ्याच होत्या. पुढे कधी डोस घेण्याची सूचना आली, तर मागे हटू नका.

*नागिणीची लस.* नागिणीबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, असे म्हणतात. कोणी गेरूने चित्र काढतो, कोणी मंत्र मारतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे चालू नये. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर तिचा विषाणू मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो. प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि एका बाजूला पट्ट्यासारखे फोड येतात. तीच नागीण. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्रास पुष्कळ कमी होतो. ते तीन दिवस मंत्रात घालवू नका. नागिणीवर आता जिवंत विषाणू नसलेली लस भारतात २०२३ पासून मिळते, दोन डोसची. ती महाग आहे हे खरे. स्टेरॉइड किंवा टोफॅसिटिनिब घेणाऱ्यांनी तिच्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

*कुत्रा चावल्यानंतरची लस.* रेबीज झाला तर माणूस वाचत नाही, म्हणून या लसीला कोणतेही औषध आड येत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. तिथे आपली औषधे सांगणे फार महत्त्वाचे आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, तर रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यावरून इंजेक्शन कातडीत द्यायचे की स्नायूत हे ठरवता येते. सगळे डोस पूर्ण करा.

पैशांचा प्रश्न आपल्या घरांत असतोच. धनुर्वाताचे आणि कुत्र्याचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत आहे. फ्लूची लसही काही सरकारी रुग्णालयांत जोखमीच्या रुग्णांना मोफत दिली जाते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पैसे बेताचे असतील तर आधी फ्लू, मग न्यूमोनिया, असा क्रम डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल.

टाळायच्या लसी

गोवर-रुबेला, कांजिण्या, पिवळा ताप, तोंडावाटे घेण्याची पोलिओची लस, नाकातली फ्लूची लस आणि बीसीजी या जिवंत जंतूंच्या लसी आहेत.

यांतील बीसीजीकडे विशेष लक्ष द्या. आपल्याला ती बाळाच्या दंडावरची लस म्हणून माहीत आहे. पण क्षयरोग कमी करण्यासाठी २०२४ पासून महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांत आणि मुंबईत मोठ्या माणसांनाही बीसीजी देण्याची मोहीम हाती घेतली गेली. साठीच्या पुढचे, मधुमेही, आधी क्षयरोग होऊन गेलेले, क्षयरुग्णाच्या घरातले, धूम्रपान करणारे आणि फार कमी वजनाचे लोक तिच्या यादीत होते. आपल्या वस्तीत अशी माणसे घरोघर आहेत. मोहीम चांगल्या हेतूची आहे. पण तुम्ही मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक घेत असाल, तर ही लस तुमच्यासाठी नाही. आरोग्यसेविका दारात आल्या तर आधी गोळीचे नाव सांगा.

लस घेताना गोळी थांबवायची का?

मावशींची चूक इथेच झाली. सर्वसाधारण नियम असा आहे: मेलेल्या जंतूची लस घेताना औषध चालूच ठेवायचे. याला थोडे अपवाद आहेत, पण ते डॉक्टरांनी सांगायचे.

पहिला अपवाद फ्लूच्या लसीचा. आजार शांत असेल, तर काही डॉक्टर फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे, म्हणजे फक्त दोन डोस, थांबवायला सांगतात. त्यामुळे लसीचा परिणाम वाढतो. केरळातील कोची येथील डॉक्टरांनी कोव्हिशील्ड घेणाऱ्या सांधेवाताच्या रुग्णांवर असाच अभ्यास केला आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवले, त्यांच्या रक्तात अँटिबॉडी जास्त तयार झाल्या. पण दोन्ही डोसनंतर औषध थांबवणाऱ्यांचे दुखणेही जास्त उसळले. फायदा आणि तोटा दोन्ही आहेत. म्हणून हा निर्णय आपल्या सांध्यांची अवस्था पाहून डॉक्टरांनी करायचा. आणि दोन आठवडे म्हणजे दोनच आठवडे. मावशींचे पाच महिने झाले होते.

दुसरा अपवाद रिटुक्सिमॅबचा. हे औषध सहसा सहा-सहा महिन्यांनी सलाइनमधून देतात. त्यानंतर लगेच लस घेतली तर ती बहुतांशी वाया जाते. फ्लूची लस मात्र हंगामातच घ्यावी. बाकीच्या लसी पुढच्या सलाइनची तारीख जवळ आली की घ्यायच्या, आणि सलाइन लसीनंतर दोन आठवड्यांनी.

तिसरी गोष्ट स्टेरॉइडची. रोज २० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रेडनिसोलोन असेल, तर मेलेल्या जंतूच्या लसीसाठी थांबायचे कारण नाही. २० किंवा त्याहून जास्त असेल, तर फ्लूची लस घ्यावी. बाकीच्या लसी डोस कमी होईपर्यंत डॉक्टर पुढे ढकलू शकतात.

आजार नुकताच कळला असेल आणि औषध अजून सुरू व्हायचे असेल, तर पहिल्याच भेटीत विचारा: "औषध सुरू करण्याआधी कोणत्या लसी घेऊ?" त्या वेळी लसीचा परिणाम उत्तम होतो. पण लसीसाठी औषधोपचार लांबवू नका.

घरातल्यांच्या लसी

रुग्णाला जी लस घेता येत नाही, तिचे संरक्षण घरातली माणसे देऊ शकतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांत आणि मालेगाव, भिवंडीत गोवराची साथ आली, तेव्हा लस न मिळालेली मुले तिच्या तावडीत सापडली. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या आजीला गोवराची लस घेता येत नाही. पण नातवाला ती वेळेवर मिळाली तर गोवर घरात येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घेतली तर उत्तमच.

नातवंडांचे डोस आजीच्या आजारामुळे मनाने थांबवू नका. फक्त एक काळजी घ्या. दीड महिन्यापासून साडेतीन महिन्यांपर्यंत बाळाला तोंडावाटे पोलिओ आणि रोटाव्हायरसचे डोस देतात. ते जंतू काही आठवडे बाळाच्या शौचातून बाहेर पडतात. या काळात आणि शेवटच्या डोसनंतर चार आठवडे बाळाचे लंगोट आजीने बदलू नयेत, दुसऱ्या कोणी बदलावेत, आणि सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत.

सुनेला किंवा मुलीला आमवात असेल तर आणखी दोन गोष्टी. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत, म्हणून मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यावे. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायोलॉजिक इंजेक्शन घेतले असेल, तर बाळंतपणाच्या वेळीच ते सांगावे. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत लस देण्यासाठी सहा महिने थांबावे लागू शकते.

लस घेतल्यावर

दंड दुखणे, एक-दोन दिवस कणकण, अंगदुखी, सांधे थोडे जास्त ठणकणे हे चालायचेच. पॅरासिटामॉल घ्यावी. रोजंदारीवर असाल तर सुट्टीच्या आदल्या दिवशी लस घ्या, म्हणजे खाडा पडणार नाही. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ताप तीन दिवसांवर गेला, धाप लागली, किंवा सांधे आठवडाभर सुजलेले राहिले, तर डॉक्टरांना दाखवा.

लस घेतली म्हणजे चिलखत चढले असे नाही. औषधामुळे तिचा परिणाम थोडा कमी असू शकतो. म्हणून दीक्षाभूमी, चैत्यभूमीच्या गर्दीत जाताना मास्क लावा. ताप आला तर "वाताचाच असेल" म्हणून अंगावर काढू नका.

आपला वारसा

१८९७ सालचा प्लेग आठवा. त्या वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीमाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या डॉ. यशवंतांच्या हडपसरजवळील दवाखान्यात आल्या आणि तोच आजार त्यांना लागला. विज्ञानाने लस तयार केली होती, पण ती त्या वाड्यापर्यंत पोहोचली नव्हती. आज लस वस्तीच्या तोंडाशी येते. आता ती चुकीच्या माहितीमुळे परत जाऊ नये, हे काम आपले आहे.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून किंवा कोणी अधिकारी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. लसीच्या टेबलापाशीही हेच लागू आहे. "चालणार नाही" असे कोणी म्हटले, तर नम्रपणे विचारा, "ही लस लाइव्ह आहे का? माझ्या डॉक्टरांना विचारून येऊ का?" आणि कोणी "सगळ्यांना देतोय, घ्या" म्हटले, तरी हाच प्रश्न विचारा.

विहाराच्या महिला मंडळाने एका रविवारी वंदनेनंतर तासभर काढावा. वाताची औषधे घेणाऱ्यांची पाकिटे पाहून प्रत्येकाला एक चिठ्ठी लिहून द्यावी. शिकलेल्या मुलामुलींनी हे काम सहज होईल.

चिठ्ठीत काय लिहावे?

१. नाव, वय, आजार: आमवात.
२. औषधांची नावे, किती मिलिग्रॅम, कोणत्या दिवशी.
३. "प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू आहे. लाइव्ह लस देऊ नये. इतर लसी चालतात."
४. आतापर्यंत घेतलेल्या लसी आणि तारखा.
५. डॉक्टरांचे नाव आणि फोन.

आमच्या मावशींकडे आता अशी चिठ्ठी आहे, गोळ्यांच्या पिशवीतच ठेवलेली. मोठ्यांच्या बीसीजीसाठी पथक गल्लीत आले तेव्हा यादीत त्यांचे नाव होते, कारण त्यांना मधुमेहही आहे. मावशींनी हात पुढे केला नाही, चिठ्ठी पुढे केली. सिस्टरने ती वाचली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मावशी. ही लस तुम्हाला नको." यादीतले नाव तिने खोडले. त्याच सिस्टरला मावशींनी मग विचारले, "आणि फ्लूची? ती तर मला चालते ना?"

सिस्टरने चिठ्ठी पुन्हा वाचली आणि पत्ता लिहून दिला. भीमजयंतीनंतरच्या शनिवारी मावशी जाऊन लस घेऊन आल्या. गोळी एकदाही चुकलेली नाही.